फुजैऱ्याहून आणलेले राबनब्यूलर

जगात राबनब्यूलर आडनावाची माणसं फार थोडी आहेत, आणि त्यातला एक मी फुजैऱ्याहून गाडीत घालून आणला.

(घालून म्हणजे आदराने. पुढच्या सीटवर. मी मागे बसले, गुडघे पोटाशी घेऊन.)

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते. सत्तरी उलटायची होती आणि अंगात नको तेवढी रग होती! आमचं बिऱ्हाड आखातात, अल बर्शातलं. मुलगा अजय, सून, नात रेवा आणि मी. रेवा मरीनातल्या एका ऑफिसात नोकरीला. एका शनिवारी ती एका उंच, गुलाबी, घामाघूम मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, धिस इज लुकास. वुई वॉन्ट टु गेट मॅरिड."

आता अशा वेळी इतर आज्यांना भोवळ येते. मला प्रश्न येतात.

"आडनाव काय?"

"राबनब्यूलर."

"मूळचे कुठले?"

"हॅनोव्हर," लुकास म्हणाला.

"ते राहायला झालं रे. मूळचे?"

"हॅनोव्हर...?" बिचारा रेवाकडे बघायला लागला, जणू पेपरात सिलॅबसबाहेरचा प्रश्न आला होता.

रेवाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आजी, नेक्स्ट सॅटर्डे त्याचे पेरेंट्स येतायत जर्मनीहून. फर्स्ट टाइम! त्याची मम्मी आधीच नर्व्हस आहे. काही बिघडलं ना, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. सो प्लीज, नो चौकशी! प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं, आणि ती बाहेर जाताच चष्मा शोधायला लागले.

तुम्हीच सांगा, घैसासांच्या घरातली मुलगी चौकशीशिवाय द्यायची? आमच्या वेळी तर मुलाच्या आत्याच्या शेजाऱ्यांनाही विचारून यायचे!

फोनवर बोटं चालवली. राबन म्हणजे डोमकावळे. ब्यूल म्हणजे टेकडी. आणि शेवटचा 'र' म्हणजे तिथला राहणारा. डोमकावळ्यांच्या टेकडीवरचा! म्हणजे आपले करच की हे! चिपळूणचा चिपळूणकर, तसा हा टेकडीकर. मला इतका आनंद झाला, की मी सुनेला ओरडून सांगितलं, "अगं, आपल्यातलेच निघाले!"

पुढे आणखी गंमत. कुठलं आडनाव कुठे किती आहे, ते दाखवणारा एक नकाशा सापडला. अख्खी जर्मनी पांढरीफटक, आणि खाली दक्षिणेला एकच लाल ठिपका. मी आधी पदराने स्क्रीन पुसली. मला वाटलं, कुंकू सांडलं.

इतकं दुर्मीळ आडनाव! आमच्या डोक्याचं गणित सरळ असतं. माणसं थोडी, म्हणजे सगळे एकमेकांचे भाऊबंद. भाऊबंद, म्हणजे एक सापडला की बाकीच्यांची कुंडली हातात. मी लगेच मंडळातल्या सुलूला फोन लावला. तिचे यजमान फुजैऱ्याच्या बंदरात कामाला.

"सुलू, तुमच्याकडे कुणी राबनब्यूलर आडनावाचा जर्मन आहे का गं?"

पलीकडे सुलूने यजमानांना विचारलं आणि ती किंचाळलीच, "अगं, आहे ना! म्हातारा कॅप्टन आहे एक. निवृत्त झाला, पण गेलाच नाही परत. आडनाव काय म्हणालीस? राबनब्यूलर? हे म्हणतायत, तोच तो!"

फोन ठेवला आणि मी चपला शोधायला लागले. 

अजयला मी सांगितलं, की मला समुद्र बघावासा वाटतोय.

"आई, समुद्र इथून दहा मिनिटांवर आहे."

"तो नको. पलीकडचा."

डोंगर ओलांडून फुजैऱ्याला पोचेपर्यंत मी त्याला खरं सांगितलं नाही. सुलूने दिलेल्या पत्त्यावर गाडी थांबल्यावर सांगितलं, तेव्हा त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्यात हॉर्न वाजला आणि कॅप्टन स्वतःच दार उघडून बाहेर आला! कपाटाएवढा माणूस, पांढऱ्या मिशा, आणि तोंडात चक्क हिंदी. जन्मभर आपल्याकडच्या खलाशांबरोबर काढलेला.

"आओ माताजी! चाय पियोगे?"

मी चहा घेतला आणि सुरू झाले. "लुकास राबनब्यूलर को पहचानते हो? लडका कैसा है? पीता-वीता है?"

"राबनब्यूलर?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माताजी, पूरी दुनिया घूमा. हर पोर्ट में फोनबुक देखा. एक भी नहीं मिला! ये लडका तो मेरा ही होगा! यल्ला, चलो, कब मिलना है?"

मुलाची माहिती शून्य मिळाली. पण वरपक्षाकडचा एक ज्येष्ठ मिळाला! बिनबोलावता कसा ठेवायचा? मी शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

"आई, खलास. रेवा आपल्या दोघांना घराबाहेर काढणार," अजय परतीच्या वाटेवर एवढंच बोलला.

शनिवारी लुकासचे आईबाबा आले. आई साबीना, ताठ आणि घाबरलेली. वडील गोलमटोल, हसरे. पोह्यांच्या बशा फिरल्या. तेवढ्यात मी, शंकराची पिंड उघडून दाखवावी तशा थाटात, आतल्या खोलीचं दार उघडलं. सकाळीच अजयबरोबर जाऊन आणलेला कॅप्टन सूट घालून बाहेर आला!

"आजी, हू इज दॅट?" रेवा पुटपुटली.

कॅप्टनने धावत जाऊन लुकासच्या वडिलांना कवटाळलं. त्यांची पोह्यांची बशी दोघांच्या मधे चिरडली. कॅप्टन रडत होता, वडील गुदमरत होते. श्वास मिळाल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, पण मी राबनब्यूलर नाही. जन्माने म्युलर. लग्नात मी बायकोचं आडनाव घेतलं. आमच्याकडे दगड मारला तर म्युलरला लागतो! तिचं दुर्मीळ होतं, ते वाचवलं."

घ्या! इतकी चौकशी केली, ती मुलाच्या आजोळची!

एव्हाना साबीना उभी राहिली होती. तिने कॅप्टनला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. त्याने आनंदाने उत्तर दिलं. तिने आणखी विचारलं. त्याचा चेहरा बदलला. मग तिचा. मग दोघांचे आवाज चढले! जर्मन मला एक अक्षर येत नाही, पण बांधावरचं भांडण मला कुठल्याही भाषेत कळतं.

"लुकास, काय चाललंय?" रेवाचा आवाज रडवेला झाला.

"एकाच गावचे आहेत," लुकास हताशपणे म्हणाला. "हे वरच्या घरचे, मम्मी खालच्या घरची. मधल्या कुंपणावर एक नाशपातीचं झाड होतं. कुणीतरी तोडलं."

म्हणजे माणसं थोडी, ती सगळी एकमेकांचे भाऊबंद, हे माझं गणित अगदी बरोबर निघालं. भाऊबंद एकमेकांशी बोलतही असतील, तेवढं मी गृहीत धरलं होतं!

साबीनाने पर्स उचलली. रेवा माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत आयुष्यभराचा अबोला तयार होता.

"स्टॉप!" लुकास ओरडला. "मला हे आडनावच नको! लग्नानंतर मी लुकास घैसास होणार आहे. आमचं ठरलंय."

"लुकास! ते पोह्यांनंतर सांगायचं होतं!" रेवा किंचाळली.

भांडण जागच्या जागी थांबलं. दोन्ही राबनब्यूलर प्रथमच एका बाजूला आले. कॅप्टन म्हणाला, "अरे, हम लोग वैसे ही इतने कम हैं!" साबीनाने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. स्वतःच्या लग्नात तिने नेमकं हेच घडवलं होतं ना! नवरा मात्र मुलाच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "मी केलंय. अजिबात दुखत नाही."

आधी रेवा हसली. मग अजय. मग साबीनाही हसली, आणि पर्स खाली ठेवून तिने कॅप्टनच्या सुटावरचे पोहे झटकायला घेतले. झाडाचा विषय बाजूला पडला. लग्न वाचलं! मी सुटकेचा श्वास घेते आहे, तोच साबीना वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "घैसास. छान आहे. अर्थ काय याचा? आणि तुम्ही मूळचे कुठले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लुकास तर पुढे सरकून बसला.

माझं लग्न झालं तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. कुसुमची माधवी झाले, बर्व्यांची घैसास झाले. एका सकाळीत अख्खं नाव पालटलं, आणि ती ठोंबी नवरी मान खाली घालून विचार काय करत होती? जिलबी पहिल्या पंगतीत संपणार तर नाही! घैसास म्हणजे काय, हे तिने ना त्या दिवशी विचारलं, ना ह्यांच्याबरोबरच्या अख्ख्या संसारात.

मी पदर सावरला, ताठ बसले आणि म्हणाले, "चौकशी करून सांगते."