सातव्या पायरीला पाणी

मैमुना होडेकरला जगातल्या बहुतेक गोष्टींविषयी तुच्छता वाटे, आणि ती तिने कष्टाने कमावलेली होती. बावीस वर्षे ती रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होती. माणसे स्वतःच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या बापाचे नाव चुकवतात, मेलेल्या भावाच्या नावामागे 'चि.' लावून आणतात आणि चूक दाखवली की 'राहू द्या हो, कोण वाचतंय' असे म्हणतात, हे तिने इतक्या वेळा पाहिले होते की 'कोण वाचतंय' हेच मनुष्यजातीचे बोधवाक्य असावे, असे तिचे ठाम मत झाले होते.

छापखाना दरवर्षी एक दिनदर्शिका काढी. तिच्यातले भरती-ओहोटीचे कोष्टक मालक मैमुनाखेरीज कोणाच्या हाती देत नसे. एका वर्षी तिच्याकडून एका तारखेचे दोन अंक उलटे बसले. खाडीकाठच्या राजिवड्यातला एक तांडेल त्या आकड्यावर विसंबून होडी आत घेऊन आला आणि खाडीच्या मुखाशी वाळूत रुतून अर्धा दिवस बसला. दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात आला, दिनदर्शिका तिच्यासमोर ठेवून त्याने त्या चौकटीवर बोट टेकवले आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. मैमुनाने आयुष्यात ज्या मोजक्या माणसांना मान दिला, त्यांत हा एक होता. तो ओरडला असता, तर त्यालाही तिने इतरांच्या ढिगात टाकले असते.

पुढे खिळ्यांचा जमाना संपला, छापखान्याला कुलूप लागले आणि राजिवड्यातल्या घराच्या पडवीत ती रिकामी बसली. तेव्हा बहिणीचा मुलगा तहा एक चमत्कारिक मागणी घेऊन आला. त्याने संगणकावर एक खेळ रचायला घेतला होता. खेळात चित्र नावालाही नव्हते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एका भुयाराचे वर्णन येई. खेळणाऱ्याने 'उत्तर', 'खाली', 'बघ', 'घे' असे शब्द टंकायचे आणि पुढच्या खोलीत काय आहे ते वाचायचे. भुयाराचा सांगाडा तहाने बांधला होता. खोल्या मात्र ओसाड होत्या.

"खाला, तू लिही," तो म्हणाला. "मला 'इथे एक खोली आहे' याच्या पुढे काही सुचत नाही."

"एवढं सुचलं हेच पुष्कळ. पुष्कळांना तेवढंही शुद्ध लिहिता येत नाही."

मैमुनाने अठरा वर्षांत तीनशे बारा खोल्या लिहिल्या. एका खोलीला चार ओळी, कारण जुन्या पडद्यावर तेवढ्याच मावत. खिळे जुळवावेत तशी ती अक्षरे मोजून वाक्य बसवी आणि एक नियम कसोशीने पाळी: दिसते ते लिहायचे नाही. भुयारात अंधार असतो. तिथे जांभ्याची ओल नाकाला कळते, भिंत तळव्याला खरखरते, कुठेतरी थेंब पडतो आणि तो किती खोल पडला ते कान सांगतात. डोळ्यांना उगाच कामाला लावणारे लेखक तिच्या मते आळशी होते.

तळाच्या अकरा खोल्यांत तिने खाडीचे पाणी घेतले. चंद्राच्या तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर शाळेआधी शिकवतात. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकराला. मैमुना चांद मोजी, शेजारच्या यमुनाबाई तिथी मोजत, आणि पाणी दोघींचे ऐकत असे. तहाने ते गणित यंत्रात घातले. तेव्हापासून बाहेर भाट्याच्या खाडीत पाणी चढले की भुयारातही चढे, आणि जिन्यावरच्या माणसाला ही ओळ दिसे: 'पाणी सातव्या पायरीला आहे. घाई असेल त्याने परत जावे. नसेल त्याने बसावे.' ओहोटीच्या चार तासांतच तळ उघडा पडे.

चाळीसेक माणसे हा खेळ खेळत. होड्यांवरचे खलाशी, दोन रिक्षावाले, बर्फाच्या कारखान्यातला नितेश. खेळात ताटकळावे लागते, अशी तक्रार त्यांच्यापैकी एकानेही कधी केली नाही. तहा दहा वर्षांसाठी आखातात दोह्याला गेला, तेव्हा खेळाचे यंत्र मैमुनाच्या पडवीतच घरघरत राहिले. शिलाई मारलेल्या खोळीखाली, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे.

यंदा तहा परत आला तो भागीदार घेऊनच. रितेश गुरव हा राजापूरच्याही वर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावचा, शिकला पुण्यात. दोघांनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि भुयाराला 'थ्रीडी' करायचे ठरवले. म्हणजे खेळणाऱ्याने आता वाचायचे नाही, नुसते चालायचे. खोली चहूबाजूंनी दिसणार, मान वळवली की वळणार.

पहिले दर्शन घ्यायला मैमुनाला गाळ्यावर नेले. पडद्यावर एक भव्य दालन उजळले. भिंतीवर ओळीने मशाली जळत होत्या.

"हे दिवे कोणी लावले?" तिने विचारले.

"आंटी, दिवे नसतील तर दिसणार कसं?" रितेश हसला.

"दिसू नये म्हणून तर मी अठरा वर्षं घालवली. आणि हा दगड कुठला?"

"तयार मिळतो. युरोपातल्या किल्ल्यांचा आहे. शेवाळासकट."

"आमच्या जांभ्याला काय रोग झाला होता?"

"जांभा फार लाल दिसत होता, आंटी. विटांचं गोदाम वाटत होतं."

एवढ्यात दालनात एक स्त्री अवतरली. हातात तलवार, खांद्यावर लोखंडी चिलखत आणि छातीपासून कमरेपर्यंत काहीच नाही. हीच म्हणे खेळणारा.

"हिच्या पोटाला वार लागत नाहीत वाटतं," मैमुना म्हणाली.

तहा घाईघाईने मध्ये पडला. "खाला, खाली बघ गो. तुझी अक्षरं ठेवलीत, पाणीही. दोन्ही अजून पडवीतल्या यंत्रातूनच येतं." खरोखरच पडद्याच्या तळाशी, कुंकवाच्या रेघेएवढ्या बारीक पट्टीवर तिचे वाक्य होते. कोणाला वाचायचे झाले असते, तर पडद्याला नाक लावावे लागले असते.

घरी सोडताना तहाने तिची समजूत घातली. मुंबईहून एक गृहस्थ येणार होते. त्यांना खेळ पटला, तर ते तो सगळीकडे नेणार. नंतर भुयारात काय राहील आणि काय जाईल, ते त्यांच्या हाती. "पण पट्टी राहील, पाणीही राहील. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतो. तेवढं माझ्यावर सोड." मैमुनाने मान हलवली. तहाच्या शब्दावर तिचा विश्वास होता; त्याच्या भागीदारापुढे तो शब्द किती टिकेल, याविषयी मात्र तिला शंका होती.

आठवड्याने तहा निमंत्रणपत्रिकेचा मजकूर घेऊन आला. "छापायला देतोय. एकदा नजर टाक. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

तिने चष्मा लावला. एका जागी वेलांटी चुकली होती, ती सुधारली. 'सस्नेह'च्या पुढचा फालतू 'हार्दिक' खोडला. मग ती खालच्या ओळीवर आली: प्रात्यक्षिक रविवारी, सकाळी ठीक अकरा वाजता.

तिने मनात चांद मोजला. रविवारी पंधरावा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा.

म्हणजे पाहुणे खुर्चीत टेकतील आणि तळाच्या अकरा खोल्या छपरापर्यंत भरतील. ज्या दालनासाठी हा सगळा खटाटोप, ते दाखवायला दार उघडणार नाही. घाटाखालच्या रितेशला हे ठाऊक नसणे स्वाभाविक होते. त्याच्या गावी पाणी वरून येते आणि खाली जाते, एवढाच त्याचा पाण्याशी परिचय. पण तहा? राजिवड्यात जन्मलेला, खाडीत पोहायला शिकलेला, स्वतःच्या हाताने ते गणित यंत्रात घातलेला तहा! दहा वर्षे वातानुकूलित खोलीत बसून याने समुद्र विसरावा?

'चार वाजता ठेवा.' तीन शब्दांचे काम होते. बावीस वर्षांत चुकीचा आकडा ओळखून तिने कधी पुढे जाऊ दिला नव्हता. तिने कागदाची घडी घातली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "छाप."

रविवारी गाळ्यात साठेक माणसे जमली. मुंबईचे गृहस्थ पहिल्या रांगेत होते, खेळणारे जुने गडी मागे भिंतीला टेकून. मैमुना कडेच्या खुर्चीत पदर सावरून बसली. तिच्या चेहऱ्यावर लग्नाला आलेल्या नावडत्या नातेवाइकाचे समाधान होते. रितेशने चिलखतातल्या बाईला मशालींच्या उजेडात फिरवून आणले, दोन राक्षस लोळवले, टाळ्या घेतल्या. "आणि आता," तो म्हणाला, "भुयाराचा तळ!"

बाई जिना उतरली आणि सातव्या पायरीवर अडली. पुढे निळ्या पत्र्यासारखे पाणी होते. रितेशने कळ दाबून धरली; बाई जागच्या जागी पाय झाडू लागली. पाण्याला धडका मारणारे ते उघडे पोट सगळ्या गाळ्याने पाहिले.

मागून बर्फाच्या कारखान्यातला नितेश ओरडला, "रितेशभाऊ, आज पुनव हाय! पानी चढलाय. चार वाजता या, तवा उतरंल!"

मागची भिंत खदखदून हसली. पट्टीवर मैमुनाची ओळ शांतपणे उभी होती: 'घाई असेल त्याने परत जावे.' ती कोणीतरी मोठ्याने वाचली आणि पुन्हा हशा पिकला. अठरा वर्षांत आपले वाक्य एवढ्या लोकांसमोर वाचले गेल्याचे मैमुनाला आठवत नव्हते. तिने डोळे क्षणभर मिटले. हा तिचा सुखाचा क्षण होता, आणि तो दीड मिनिट टिकला.

रितेश तहाच्या कानाशी लागला. तहाचा चेहरा उतरला. त्याला सगळे आठवले होते. त्याने मान वळवून आधी मैमुनाकडे पाहिले आणि मग पडद्याकडे बोट करून रितेशला एक ओळ दाखवली. भरतीच्या गणितातली, पाऊणपटीची. रितेशने ती खोडली आणि तिथे शून्य ठेवले. पाणी गेले. ओसरले नाही, उतरले नाही; नुसते नव्हते. पट्टीवरची ओळ मात्र पुढची आज्ञा दिल्याशिवाय बदलत नसे, त्यामुळे कोरड्या जिन्याखाली 'पाणी सातव्या पायरीला आहे' तसेच राहिले. लोक पुन्हा हसणार, हे ताडून रितेशने पट्टीच मिटवली. बाई धावत तळाला गेली. तिथे मशाली होत्या, सोन्याची पेटी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे उत्तम," मुंबईचे गृहस्थ म्हणाले. "पाणी नकोच. लोक थांबत नाहीत. आणि खाली ती अक्षरं कसली होती?"

"जुनी आहेत, सर," रितेश म्हणाला. "काढायचीच आहेत."

तहाने पट्टीचा विषय काढलाच नाही; तो वायरी गुंडाळू लागला.

परतीच्या रिक्षाने परटवणे मागे टाकले.

"तुला माहीत होतं," तहा म्हणाला.

"मला कशाला? सगळ्या राजिवड्याला माहीत होतं. तुलाही होतं, एके काळी."

"पत्रिका तुझ्या हातात होती, खाला. वेलांटी सुधारलीस."

"भुयार भरतीला दाखवायला निघालेल्यांना मी काय सुधारणार?"

"तळाच्या खोलीत मी त्यांना थांबवणार होतो," तहा रस्त्याकडे बघत म्हणाला. "मशाली विझवून. फक्त तुझ्या चार ओळी, मोठ्या अक्षरांत. रितेशशी भांडून घेतलं होतं ते. वाचून दाखवणार होतो आणि मग पट्टीचं बोलणार होतो. त्या गोंधळात ते राहूनच गेलं. आता महिनाअखेर जुना खेळ बंद होईल, अक्षरं जातील."

मैमुना तळाच्या खोलीच्या त्या चार ओळी आठवू लागली.

घरी पोचून तिने खोळ काढली. बाहेर खाडी काठोकाठ होती. होड्या धक्क्याच्या उंचीवर डोलत होत्या. तिने टंकले: 'खाली'. रितेशचे शून्य इथेही पोचले होते: सातवी पायरी आली आणि गेली. पुन्हा 'खाली'. भर भरतीला ती तळाच्या खोलीत उभी राहिली. पूर्वी इथे येणाऱ्याला पाणी फिरायच्या आत निघायची घाई असे. वाक्य रेंगाळून वाचायला कोणाला सवड नव्हती, लिहिणारीलाही नव्हती.

'पाणी नुकतेच गेले आहे. भिंतीला हात लावू नकोस. ती अजून त्याचीच आहे.' इथवर ठीक होते. पुढे होते: 'या अथांग, गूढ, निःशब्द तळाशी तू एकटा आहेस.'

ती वाचत राहिली. अथांग, गूढ, निःशब्द. मशालीच त्या, ओळीने लावलेल्या. हेच वाक्य तहा साठ माणसांसमोर वाचून दाखवणार होता, आणि हे वाचवायला त्याने भांडण घेतले होते. खिळ्यांच्या काळात असे काही कोणी आणले असते, तर तिने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले असते.

महिनाअखेरीला नऊ दिवस होते. त्यानंतर ही ओळ कोणी वाचणार नव्हते. मैमुनाने एकेक करून तिन्ही विशेषणे खोडली, मोकळी झालेली जागा अक्षरे मोजून भरून काढली, आणि पहिल्या खोलीपासून वाचायला घेतले.