गिअरबॉक्समधले तांदूळ

माफी मागण्यात मी पटाईत आहे. दुकानात दुसऱ्याची ट्रॉली माझ्या टाचेवर आदळली तरी सॉरी मीच म्हणतो. पण खरी चूक हातून झाली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. २०२० च्या दसऱ्याला अशी एक खरी चूक झाली आणि ती मी तीन आठवडे पोटात ठेवली. माझ्या पोटात फक्त बातमी होती; माल शेजाऱ्यांच्या गिअरबॉक्सच्या पोटात होता.

आयर्लंडमधल्या नास गावात आमच्या शेजारच्या घरात सत्तरीतले एक आयरिश गृहस्थ एकटेच राहतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, हॉस्पिटलात कुठल्या वॉर्डात आहेस? मी म्हटलं, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरी तेव्हापासून ते मला डॉक्टरच म्हणतात.

त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन मसल कार आहे. नारिंगी रंगाची, डाव्या हाताला स्टिअरिंग, आणि बॉनेट आमच्या किचनच्या ओट्याएवढं लांब. तरुणपणी अमेरिकेत सुतारकाम करून परतताना त्यांनी ती बोटीवर चढवून आणली होती. तिचा क्लच इतका जड, की तो दाबायला डावा गुडघा धडधाकट हवा. आणि त्यांचा गुडघा त्या वर्षी पार गेला होता. लिमरिक शहरातला एक गाडीवेडा माणूस ती विकत घ्यायला टपून बसला होता. शेवटी त्यांनी त्याला शब्द दिला : ख्रिसमसपर्यंत मला चालवता आली नाही, तर घेऊन जा.

उपाय एकच होता. हाताने बदलायचा गिअरबॉक्स काढायचा आणि तिथे ऑटोमॅटिक बसवायचा, म्हणजे क्लचच उरत नाही. जुना ऑटोमॅटिक त्यांनी कुठूनसा मिळवला आणि उन्हाळाभर गॅरेजात एकट्याने उघडून, धुऊन, नव्या सीलांसह पुन्हा जोडला. ऑक्टोबरात कोरोनामुळे देश पुन्हा बंद झाला. एकट्या राहणाऱ्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती. त्यांनी आमचं घर निवडलं. माझ्या बायकोची थालीपिठं हे त्याचं मुख्य कारण. मी त्यासोबत फुकट आलेला हेल्पर : टॉर्च धरणारा आणि काढलेले बोल्ट फ्रीजरच्या पिशव्यांत घालून वर लेबल लावणारा.

दसऱ्याला सकाळी आमच्या दोन्ही लॅपटॉपची पूजा झाली. बायको म्हणाली, "आता ताट घेऊन शेजारी जा. खरं यंत्र तिथे पडलंय."

"ते काय म्हणतील?"

"त्यांना विचार ना, पूजा करू का म्हणून. ग्रँड म्हणतील. ते सगळ्यालाच ग्रँड म्हणतात."

मी विचारलं नाही. ही माझी पहिली चूक. ते चहा करायला आत जाईपर्यंत मी थांबलो आणि चोरासारखी पूजा उरकली. गिअरबॉक्स बाकावर होता. हळदीकुंकू वाहिलं, झेंडू नव्हता म्हणून बागेतलं एक पिवळं फूल ठेवलं. कुंकू जरा जास्त सांडलं, म्हणून जवळच्या एका फडक्याने पुसलं, तरी एक ठिपका राहिलाच. मग चिमूटभर अक्षता वाहिल्या.

टिक. टिक टिक.

ते फडकं म्हणजे तेल भरायच्या भोकाचा बोळा होता. मी तो उपसला होता आणि वर तांदूळ टाकले होते. आतून चहाचे कप वाजले. मी बोळा परत कोंबला, फूल खिशात घातलं आणि म्हणालो, "छान दिसतोय."

"दिसायलाच हवा," ते म्हणाले.

ऑटोमॅटिकच्या आत बारीक बारीक वाटांमधून तेल फिरतं आणि त्या तेलाच्या दाबाने गिअर आपोआप बदलतात, हे त्यांनीच मला समजावलं होतं. त्यामुळे पुढचे तीन आठवडे मला नारिंगी गाडी दिसेना, बारीक वाटांत अडकलेला तांदूळच दिसायला लागला. गिअरबॉक्स जॅकवर चढला. ते पाठीवर झोपून, कण्हत, एकेक बोल्ट आवळत होते. मी टॉर्च धरून होतो आणि रोज ठरवत होतो, आज सांगायचं. सगळं जोडून गाडी मेली असती तर ती लिमरिकला गेली असती, आणि त्यांना कधीच कळलं नसतं की ती तांदळाने मेली. बायकोला सांगितलं, तर ती आधी पाच मिनिटं हसली आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तू अजून सांगितलं नाहीस? त्या माणसाचा गुडघा बघितलायस का?"

तेल भरायच्या दिवशी त्यांनी पहिल्या बाटलीचं बूच काढलं, नळीत नरसाळं लावलं आणि बाटली उचलली.

"थांबा!" मी इतक्या जोराने ओरडलो की बाटली हिंदकळली. "आत तांदूळ आहेत."

"काय आहे?"

"तांदूळ. मी टाकले. म्हणजे वाहिले. पूजेत. तुम्ही चहा करत होता." मग मी एका दमात सगळं सांगितलं : दसरा, ताट, बोळा, तीन आठवडे.

त्यांनी बाटली सरळ केली. मग म्हणाले, "शिजवलेले की कच्चे?"

"कच्चे."

"डॉक्टर लोक पेशंटच्या पोटात कात्री विसरतात. तू भात विसरलास." त्यांनी बाटलीला बूच लावलं. "तो लाल ठिपका मी त्याच दिवशी बघितला होता. वाटलं, चला, आपल्या बाजूने कुणीतरी कुठल्यातरी देवाशी बोलतंय. पुसायचा नाही म्हणून त्याच्या बाजूबाजूने साफ करत होतो."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"खूप सॉरी," मी म्हणालो. "खरंच. मला आधीच..."

"हे बघ. आमच्या चर्चमध्ये कबुली दिली की फादर शिक्षा म्हणून प्रार्थना म्हणायला लावतात. तुला चौदा बोल्ट. खाली जा."

गिअरबॉक्सच्या तळाला एक पत्र्याचं तबक असतं. त्याचे बोल्ट मी पाठीवर झोपून एकट्याने काढले. ते खुर्चीत बसून चहा पीत, टॉर्च धरून, मी एरवी देतो तसल्या निरुपयोगी सूचना देत होते. "जरा डावीकडे. नाही, तुझी डावी." तबक उतरलं. जोडताना लावलेल्या तेलाच्या पातळ थरात कुंकवाने लालसर झालेले तांदूळ पडले होते. नऊ.

"टाकले किती होतेस?"

"मोजून कोण टाकतं? चिमूटभर."

"म्हणजे नऊ," ते म्हणाले आणि नवं गॅस्केट माझ्या हातात दिलं.

त्या दुपारी गाडी गॅरेजाबाहेर आली. पहिल्याच वळणावर त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि रुंद ब्रेकवर पडला. आम्ही दोघंही काचेपर्यंत जाऊन आलो. "हा पाय आता रिटायर," ते म्हणाले आणि त्यांनी तो सीटखाली आत ओढून घेतला. कॉलनीला त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या. बायको दारात उभी राहून प्रत्येक फेरीला हात हलवत होती.

ख्रिसमसच्या आठवड्यात दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायला परवानगी मिळाली, त्याच सकाळी लिमरिकच्या माणसाचा फोन आला. आज न्यायला येऊ का, असं तो विचारत होता.

"तू नको येऊस, मीच येतो," ते म्हणाले. "चालवत येतो. नुसती दाखवायला."

मोटरवेवर मी उजव्या सीटवर थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडी वेग घेत होती, गिअर गुपचूप बदलत होते आणि मी कान देऊन होतो.

"काय ऐकतोयस रे?"

"दहावा दाणा," मी खरं ते सांगून टाकलं.

त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर आणखी थोडा दाबला. "तेल तापलंय, डॉक्टर. असलाच तर शिजला असेल एव्हाना."