दहा पाकोळ्यांचा एक दाणा

आकाशातल्या पाखरांची मोजदाद इतक्या निष्ठेने करणारा गृहस्थ उभ्या दौंड तालुक्यात माझ्या मुलीच्या चुलत सासऱ्यांवाचून दुसरा नसेल. आणि ती मोजदाद मी चार महिने अक्षरशः खाऊन टाकली, हे कबूल केल्यावाचून त्यांच्याविषयी एक ओळही लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी शिरूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. वय पंचावन्न. आजवर कोणाशी आवाज चढवून बोललो नाही, आणि बहुधा म्हणूनच, हा माणूस काही लपवत असेल अशी शंका कोणाला आली नाही.

हे चुलत सासरे म्हणजे आप्पा. ते दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले आणि कासुर्डीला, माझ्या मुलीच्या सासरच्या घरी, परतले. गावाबाहेर एक बंद पडलेले गुऱ्हाळ आहे. त्याचे छप्पर गेले, चुलवण खचले, पण विटांचे उंच धुराडे तेवढे उभे राहिले, आणि त्यात पाकोळ्या वस्तीला येऊ लागल्या. दिवसभर उडत राहणारी ही काळी, कोयत्याच्या पात्यासारखी पाखरे तिन्हीसांजेला धुराड्याभोवती घिरट्या घालतात आणि मग मोरीत पाणी उतरावे तशी आत उतरतात. अशी जुनी धुराडी पाडली जाऊ लागल्यावर पुण्याच्या काही पक्षीप्रेमींनी गावोगाव स्वयंसेवक गाठले. दर शनिवारी आत शिरणारी पाखरे मोजायची आणि आकडा मोबाइलवरच्या तक्त्यात भरायचा, एवढेच काम. बाकीचे लोक आकडा भरत. आप्पा ‘शेरा’ या रकान्यात जवळजवळ पत्र लिहीत. ‘आज अकरा पाखरे लेट. कारण विचारता आले नाही.’

मोजताना ते धुराड्याखाली बाजेवर उताणे पडत. मानेखाली उशी आणि वरून पडणाऱ्या प्रसादापासून बचाव म्हणून डोळ्यांपर्यंत ओढलेला टॉवेल, अशा थाटात त्यांना प्रथमच पाहणाऱ्याला वाटे, की माणूस गेला आहे आणि मंडळी अजून जमायची आहेत. दोन्ही पापण्या एकाच वेळी मिटायच्या नाहीत, उजवी विसाव्याला गेली की डावीने कामावर राहायचे, ही विद्या आपल्याला साधली आहे असा त्यांचा दावा होता. तो प्रयोग मी एकदा चहा घेताना करून पाहिला, तर समोरच्या विहीणबाई पदर सावरून ज्या आत गेल्या, त्या जेवण वाढायलाही बाहेर आल्या नाहीत. एका शनिवारी नेमक्या त्या वेळी नवरदेवाची मिरवणूक रस्त्याने आली. आप्पा बाजेवरून तसूभरही न हलता ओरडले, “अय डीजे! बंद कर ते. पाखरं घरी येत्यात.”

“आप्पा, मुहूर्त टळंल!”

“त्यांचा रोजच मुहूर्त असतोय. तुझी नवरी काय उडून चाललीय व्हय?”

आणि खरोखरच मिरवणूक थांबली. घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून वर पाहत राहिला, आणि शेवटची पाकोळी आत गेल्यावर करवल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोजण्याची रीत त्यांची स्वतःची होती. आकडा डोक्यात धरला की नजर सुटते, म्हणून दर दहा पाखरांना ते नुसते “दहा!” म्हणत, आणि त्यांच्या उशाशी गूळ शिजवायच्या पालथ्या काहिलीवर बसलेला मी पिशवीतला एक भाजका शेंगदाणा डब्यात टाकत असे. शेवटी डब्यातले दाणे मोजले की झाले. शनिवारी मी मुलीला भेटायला जाई, म्हणून ही नेमणूक माझ्याकडे आली. “गणिताचं मास्तर हायेत,” आप्पा गावभर सांगत, “एका दाण्याची चूक व्हायची न्हाई.” दाणे विहीणबाई मीठ लावून भाजत, आणि ते फार उत्तम भाजत. माझीही नजर वर लागलेली असे, हात मोकळा असे. एका संध्याकाळी तोंडात दाणा असतानाच माझ्या ध्यानात आले, की मी पिशवीतले नव्हे, डब्यातले दाणे खातो आहे. आणि हे काही आज सुरू झालेले नाही.

त्याच वेळी आप्पा डबा मोजून म्हणाले, “पाव्हणं, म्हैनाभर बघतोय, साठ-सत्तर पाखरं कमी भरत्यात. कुठं गेली असत्याल?”

तोंडातला दाणा मी न चावता गिळला. मुलीच्या सासरी, मानाचा पाहुणा म्हणून बसलेले असताना, ‘तुमची पाखरे माझ्या पोटात आहेत’ हे वाक्य कसे उच्चारावे ते मला सुचले नाही.

मग आप्पा हरवलेल्यांच्या शोधाला लागले. आधी घुबडावर संशय घेतला, मग मोबाइलच्या टॉवरवर, मग त्या डीजेवर. कारखान्यांची धुराडी पाहायला ते एसटीने थेट कोरेगाव भीमाला गेले आणि एका फाटकावर म्हणाले, “आमची साठ-सत्तर जणं हिकडं आली का, बघाया आलोय.” पहारेकऱ्याने विचारले, “कौन से ठेकेदार के आदमी हैं?” आप्पांनी हे मला हसत सांगितले, पण ते हसणे थकलेले होते. मला ते सोसेना. भरपाई म्हणून पुढच्या शनिवारी मी पंधरा दाणे गुपचूप जास्त टाकले.

“आरं!” आप्पा उठून बसले. “गेली ती गेली, आन् येताना सोयरंधायरं घिऊन आली का काय?”

त्यानंतरच्या शनिवारी मी ना खाल्ले, ना वाढवले, तर आकडा तिसराच आला. आधीच्या शनिवारी खरी पाखरे किती होती, हे आता मलाही सांगता आले नसते. आप्पांनी ते तीन आकडे आपल्या मोजणीच्या वहीत एकाखाली एक लिहिले. दुसऱ्याच दिवशी ते दौंडला डोळे तपासून आले.

“डोळं झकास हायेत म्हणतोय डाक्टर,” ते म्हणाले. “म्हंजी डोकंच गेलं.”

गेल्या शनिवारी त्यांनी वही टॉवेलात गुंडाळून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “आजची आपली शेवटची मोजणी. फुडल्या येळपासनं तुम्ही मोजा, पाव्हणं. चुकीचं मोजण्यापरीस न मोजल्यालं बरं. तुमच्या हाताला चूक ठाव न्हाई.” एवढे बोलून ते बाजेवर आडवे झाले.

पाकोळ्या उतरू लागल्या. “दहा!” मी दाणा टाकला. “दहा!” मी दाणा टाकला. मोजताना बोलायचे नाही, हा त्यांचा कडक नियम मी चार महिने पाळला होता. इतर कोणता पाळला नसला तरी.

“आप्पा,” मी म्हणालो, “दाणे मी खात होतो. डब्यातले. आणि मग भरपाई म्हणून जास्त टाकले.”

त्यांची नजर धुराड्यावरून हलली नाही. टॉवेल मात्र श्वासाने वरखाली होत होता. “दहा,” ते म्हणाले, नेहमीपेक्षा हळू. मी दाणा टाकला. मग त्यांचा एक हात खिशाकडे गेला, पेन्सील बाहेर आली. “किती खाल्लं? शनवारवार सांगा. वही नीट करू.”

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. “ते आठवत नाही,” मी म्हणालो. “सुरुवातीला तर खातोय हेही कळलं नव्हतं.”

पेन्सील खिशात परत गेली. वरची एकही पाकोळी नजरेतून सुटू न देता त्यांनी उशाशी हात आणला, डबा चाचपला आणि माझ्यापासून दोन विती लांब, आपल्या खांद्याजवळ सरकवला. ते चार महिने आता कोणालाच दुरुस्त करता येणार नव्हते. मी मांडीवरची वही उचलून त्यांच्या उशीशी ठेवली, आणि माझ्याकडे देण्यासारखे जे काही उरले होते ते, आयुष्यात प्रथमच जरा मोठ्या आवाजात, बोललो.

“डोळे तुमचे बरोबर होते, आप्पा. डोकंही. चुकलो मी. मला माफ करा.”