कूलर म्हणजे कोणता

आमच्या घरातला कम्प्युटर सुरू केला की आधी नुसती गुणगुण ऐकू येते. थोड्या वेळाने तिची घरघर होते. आणि मे महिन्यात दुपारचं ऊन चढलं की त्या डब्यातला पंखा असा काही सुटतो, की पिठाच्या गिरणीने लाजावं. बाकीच्या जगाला याचं काही वाटत नसेल. मला वाटायचं, कारण त्या उन्हाळ्यात माझं काम त्या पंख्यावर अडलं होतं.

मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलं कमी होत गेली, तुकड्या एकात एक मिसळल्या, आणि शेवटी मीच जास्तीची ठरले. घरी बसले. वर्गभर मुलांसमोर बोलायची सवय लागलेली बाई घरी बसली की भाजीवाल्यालाही समास समजावून सांगते, तसं माझं झालं होतं. अशात कळलं, की एका कंपनीला लहान मुलांसाठी गोष्टी वाचणारं माणूस हवं आहे. घरीच वाचायचं, कम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवायचं. पैसे हवे होतेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हवं होतं ते ऐकणारं कोणीतरी.

नमुन्यादाखल त्यांनी एक गोष्ट दिली. बाजारात वाट चुकलेल्या बकरीची. मी ती वाचली, पाठवली आणि पेढे कुठून आणायचे याचा विचार करत बसले. उत्तर आलं: ‘आवाज बरा असावा असं वाटतं, पण मागे सतत काहीतरी घरघरत आहे. ते बंद करून पुन्हा पाठवा.’ बरा असावा असं वाटतं! दोन दिवस मी त्या वाक्यावर धुमसत होते.

आम्ही नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहतो. अमरावती रोड जवळ, गोदामं जवळ, त्यामुळे ट्रकांचं येणं-जाणं चोवीस तास. पण ट्रक हॉर्न वाजवतो आणि निघून जातो, आपण तेवढं वाक्य पुन्हा वाचतो. पंखा कुठे जाणार? शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात एक वेगळाच घोळ आहे. कूलर सुरू ठेवला तर कूलरचाच आवाज रेकॉर्ड होतो. बंद केला तर खोलीची भट्टी होते, कम्प्युटर तापतो आणि त्याचा पंखा बोंबलायला लागतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, हातात बकरी घेऊन.

उपाय मी कमी केले नाहीत. कम्प्युटरच्या डब्यावर गोधडी टाकली. बकरी बाजारात पोचते न पोचते तोच डबा गुदमरून आपोआप बंद पडला. डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, तर माइकची वायर उंबऱ्यापर्यंतच पुरली. मग मी उंबऱ्यावर बसून वाचलं, आणि शेजारच्या घरातल्या कुकरने नेमक्या शांत जागी शिटी दिली. कोणीतरी सांगितलं, की कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाचलं तर बाहेरचा आवाज येत नाही. तेही केलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. लग्नातल्या शालूला उद्देशून मी अर्धी गोष्ट वाचली आणि घामाने निथळत, डोळ्यांपुढे काजवे घेऊन बाहेर आले.

घरात तेव्हा मी आणि सासरे, दोघंच. नवरा नोकरीसाठी बाहेरगावी, महिन्यातून एकदा येणारा. सासऱ्यांचा सगळा जन्म ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेला. ट्रकांच्या आवाजात राहून राहून कान जरा जाड झालेले.

“मामाजी, हा आवाज ऐकू येतो ना तुम्हाला?” मी एकदा वैतागून विचारलं.

“कोणता आवाज वं? मले त काहीच ऐकू येऊन नाही राहिलं,” ते म्हणाले. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

शेवटी सदर भागातल्या एका कम्प्युटर दुरुस्तीवाल्याला मी तो आवाजच रेकॉर्ड करून पाठवला. तो म्हणाला, ऐकून फोन करतो. त्याचा फोन आला तेव्हा मी भाजी आणायला गेले होते आणि मोबाईल घरीच राहिला होता. सासऱ्यांनी उचलला.

मी परतले तर अंगणात आमचा कूलर सुटा होऊन पडला होता. एकीकडे पंखा, एकीकडे मोटर, तिन्ही बाजूंच्या जाळ्या भिंतीला टेकवलेल्या. जाळ्यांतला जुना वाळा फाटकाशी टाकला होता आणि एक गाय तो खाऊन बघत होती. सासरे बनियनवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, कोपरापर्यंत ग्रीस.

“हे काय करून राहिले तुम्ही?”

“तुह्या सदरवाल्याचा फोन आला होता. म्हणे, तुमचा कूलर धूळ खाऊन बसला. पुरा खोलून साफ करा, पंख्याचे स्क्रू टाईट करा, आवाज नाही येणार. मी म्हटलं, सूनबाई येईपर्यंत करूनच टाकू.”

“मामाजी! कम्प्युटरचा कूलर! कम्प्युटरच्या आतला!”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला उन्हाचा झटका बसला की काय, अशी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

“कम्प्युटरले बी कूलर रायते? मग त्याच्यात पाणी कोण भरते?”

दोष त्यांचा नव्हता. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत डब्यातल्या त्या पंख्याला कूलर म्हणतात, हे मलाही तेव्हाच कळलं. आणि नागपुरात भर नवतप्यात कूलर म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार? पण हे शहाणपण आता सुचतं आहे. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती सगळी दुपार आम्ही कूलरवाचून काढली, ओले पंचे डोक्यावर टाकून.

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा वाळा भरला, कूलर जोडला आणि सुरू केला. खोली अशी गार पडली, की मी चादर शोधली. दुसऱ्या दिवशी त्याच गारव्यात कम्प्युटरवर काहीतरी करत होते. फोन आला म्हणून कूलर बंद केला आणि बोलता बोलता थांबले. काहीच ऐकू येत नव्हतं. कम्प्युटर सुरू होता, पण पंखा जेमतेम कुजबुजत होता. खोली गार म्हणून डबा गार, डबा गार म्हणून पंखा गप्प.

मग मी तो दुसरा, आतला कूलरही उघडून रंगाच्या ब्रशने साफ केला. मूठभर धूळ निघाली, सगळी अमरावती रोडची. श्रेय कोणत्या कूलरला द्यायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण पद्धत ठरली: आधी खोली थंडगार करायची, मग कूलर आणि छताचा पंखा बंद करून, खोली तापायच्या आत गोष्ट वाचून मोकळं व्हायचं. मी वाचली. पाठवली. आणि या वेळी खरंच पेढे आणले.

उत्तर आलं: ‘मागचा आवाज पूर्ण गेला, धन्यवाद. त्यामुळे आता तुमचं वाचन स्पष्ट ऐकू येतं. गोष्ट सांगताना तुम्ही मुलांवर चिडलेल्या वाटता. आणखी एकदा प्रयत्न करून बघा. त्यानंतर आम्हाला निर्णय घ्यावा लागेल.’

मी कानाला हेडफोन लावून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदाच नीट ऐकलं म्हणा, कारण आतापर्यंत मी फक्त पंखाच ऐकत होते. ‘बकरी वाट चुकली’ हे वाक्य मी अशा सुरात वाचलं होतं, की आता तिने उरलेला तास वर्गाबाहेर उभं राहावं. बाजारातले लोक, पाऊस, बकरीची मालकीण, सगळ्यांना मी फैलावर घेतलं होतं. कोणतं मूल ऐकेल हे? मला रडू आलं. इतकी वर्षं मुलं गप्प बसायची, ती माझ्या शिकवण्यात रमून, असा माझा समज होता.

“काहून रडून राहिली वं?” सासरे दारात उभे होते.

मी सांगितलं. त्यांनी हेडफोन कानाला लावून बघितला, मान हलवली आणि काढून ठेवला. “हे नाही समजत मले. तू अशीच वाच, माह्यासमोर. पण दमानं वाच, मले तोंड दिसलं पाहिजे तुह्यं.”

कूलर लावून खोली गार केली. बंद केला. ते समोर खुर्ची ओढून बसले. माइक सुरू करून मी वाचायला लागले. जाड कानांच्या माणसाला वाचून दाखवायचं तर घाई चालत नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे बघावं लागत होतं, पोचलं की नाही म्हणून. बाजार उठला तेव्हा त्यांनी भुवया चढवल्या. पाऊस आला तेव्हा ते पुढे वाकले. अंधार पडला, बकरी एका बंद दुकानाच्या फळीखाली जाऊन बसली, आणि तिथे मी श्वास घ्यायला थांबले.

“मग?” ते म्हणाले, चांगलं खणखणीत. “सापडली का नाही बकरी?”

रेकॉर्डिंगचा सत्यानाश झाला होता. खरं तर मी ओरडायची वेळ होती, आणि ओरडण्यासाठी तोंड उघडलंही होतं. पण शाळेतल्या एवढ्या वर्षांत एकाही मुलाने मला ‘मग?’ असं विचारलेलं मला आठवेना. “सांगते,” मी म्हटलं, आणि पुढचं वाचलं.

त्यांचे ते शब्द मी कापून टाकले. कापताना जिवावर आलं होतं. बाकीचं जसं होतं तसं पाठवलं. या वेळी उत्तर एका ओळीत आलं आणि पाठोपाठ पुढची गोष्ट आली. आता मी वाचते तेव्हा सासरे समोरच बसतात. मध्ये बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. ते ती पाळतात. गोष्ट अडली, की तोंड घट्ट मिटून, हात उचलून नुसता ‘मग?’ असा तळहात उलटा करतात आणि मी पुढे सांगेपर्यंत खाली घेत नाहीत.