मटणाच्या रांगेतली जांभई

“झोपायला घरी गादी नाही का हिला?” रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी काकूंनी कोपर मारून मला जागं केलं. मी कालच अमेरिकेहून परतले होते. शेजारच्या डेअरीत दूध घ्यायला आले आणि झोपेच्या तारेत कोथरूडच्या मटणाच्या दुकानापुढे उभी राहिले. आमच्या घरी अंडंही शिजत नाही.

“झोप अजून अमेरिकेच्या घड्याळावर आहे,” मी पुटपुटले.

“मग उन्हात फीर, दुपारी आडवी होऊ नकोस. झोप ताळ्यावर येते,” काकूंनी बजावलं. मग हवेतच चॉप्स चोळत म्हणाल्या, “दही, आलं-लसूण, मीठ, थोडी कच्ची पपई. तासभर मुरव आणि ग्रिलवर भाज.”

नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांना ती जांभईच वाटली.

“हिला अर्धा किलो चॉप्स द्या हो आधी!”

दुकानदाराने सुरा उचलला.

“काकू,” मी शेवटी म्हणाले, “हे पनीरला चालेल का?”