टेबलावरचा शिक्का घ्या

हान-यिन सुट्टीला तैपेईहून गावी आली की पाठीवर गिटार असायची आणि मनगटावर जलशांच्या कापडी पट्ट्या. उन्हाळाभर या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गाणी ऐकत हिंडायची आणि आंघोळ केली तरी एकही पट्टी सोडायची नाही. "मेले, पोत्याला बांधतात तसल्या चिंध्या काय मिरवतेस?" असं मी म्हणायचे. त्यावर ती माझ्या नाश्त्याच्या दुकानात बाकावर फतकल मारायची, अंड्याची पोळी आणि गरम सोयादूध मागायची आणि तोंड सुरू करायची. अर्धा वेळ गाणी, अर्धा वेळ निवडणुका. कुठला ढोलकवाला कुठल्या बँडमधून फुटला आणि कुठला नगरसेवक कुठल्या पक्षातून, हे ती एकाच दमात सांगायची. सगळ्या पक्षांच्या सभांना जायची. मी एकदा विचारलं, "अगं, तू आहेस तरी कुणाची?" तर म्हणाली, "गुई मावशी, लाउडस्पीकर जिथे, तिथली मी."

खोटं नव्हतं ते. तिचे वडील दूरच्या बोटीवर, आईने दुसरा घरोबा केलेला. पोरीला वाढवलं थोरल्या काकांनी, म्हणजे मूशेंग भाऊंनी, आणि आलान काकूंनी. मूशेंग भाऊ आमचे गावप्रमुख, तिला दुधाचे दात होते तेव्हापासूनचे. निवडणूक आली की प्रचाराच्या ट्रकवर काकांच्या मांडीवर बसून हे चिमुरडं माइकमध्ये ओरडायचं, "माझ्या काकांना मत द्या!" लोक हसत हसत दारात यायचे. तिचं पहिलं स्टेज तेच. ती कॉलेजात गेली तेव्हा काकांनी तिला कापराच्या लाकडात तिच्या नावाचा शिक्का कोरून घेऊन दिला. आता मोठी झालीस, सही-शिक्क्याची माणूस झालीस, म्हणाले.

त्या वर्षी ती पहिल्यांदा मत देणार होती. आणि काकांसमोर उभी होती वेन-ची. वेन-ची शहरातून परत आलेली, केस आखूड, चाल भरभर. आमच्या वाळूवर उन्हाळ्याचा जलसा आणला तो तिनेच. हान-यिन त्यात रात्रंदिवस राबायची. एका तंबूत तिने पुठ्ठ्याची भलीमोठी मतपत्रिका टांगली होती आणि नाचायला आलेल्या पोरांना सांगत होती, घरी जा, मत द्या, ते असं असं द्या. मग तोच पुठ्ठा घेऊन ती समाजमंदिरात आमच्या म्हाताऱ्यांना शिकवायला आली. आमच्याकडे मतदानाला जाताना आपल्या नावाचा शिक्का न्यावा लागतो, मतदारयादीवर सहीऐवजी उठवायला. मत मात्र आत टेबलावर ठेवलेल्या सरकारी शिक्क्यानेच द्यायचं. म्हातारी माणसं गोंधळतात, आपलाच शिक्का मतपत्रिकेवर मारतात आणि मत बाद होतं. म्हणून हान-यिनने गिटारवर एक ओळ बसवली:

"टेबलावरचा शिक्का घ्या, आपला खिशात राहू द्या!"

म्हाताऱ्या ती भाजी निवडताना गायच्या, देवळात गायच्या. सू आजींना तर अक्षरओळख नाही, पण गाणं तोंडपाठ.

जलसा संपला आणि किनारा उकिरडा झाला. कोळ्यांच्या जाळ्यांत बाटल्या आल्या. मूशेंग भाऊ भर सभेत म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून हे बंद. मी आहे तोवर बंद." हान-यिन माझ्याशेजारी बसली होती. कानशिलं लाल झाली तिची. इतर वेळी मंत्र्यालासुद्धा न सोडणारी ही जीभ तेव्हा कुठे गेली होती, कुणास ठाऊक.

मध्यशरदाच्या सणाला काकांच्या अंगणात शेगडीवर मांस भाजणं चाललं होतं. सगळे नातेवाईक होते, मीही होते. एका आत्याने तिला डिवचलं, "काय गं गाणंवाली, तुझ्या त्या वेन-चीला मत देणार असशील!"

"छे! माझं मत काकांनाच," हान-यिन ताडकन म्हणाली. "त्यात विचारायचं काय?" आणि पेला उंचावून तिने काकांकडे पाहिलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. शेगडीवरचा चांगलासा तुकडा उचलून मूशेंग भाऊंनी तिच्या ताटलीत ठेवला.

मतदानाच्या दिवशी ती पहिल्या बसने आली. माझ्याकडे सोयादूध प्यायली, पण पोळी अर्धीच खाल्ली. दुपारी चारला मतदान बंद झालं आणि समाजमंदिराची दारं मोजणीसाठी उघडली. आमच्याकडे मोजणी म्हणजे तमाशाच. अख्खं गाव दाटीवाटीने उभं. एक माणूस पेटीतून एकेक मतपत्रिका काढतो, डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवतो, नाव पुकारतो आणि दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो. मूशेंग भाऊ प्रचाराचं जाकीट काढून साध्या स्वेटरमध्ये उभे होते. वेन-ची पलीकडे. हान-यिन माझ्या बाजूला, ओठ हलवत रेघा मोजत. चुरस होती. कधी हे पुढे, कधी ती.

मग त्या माणसाने एक मतपत्रिका वर धरली आणि जरा थांबला. "बाद! स्वतःचा शिक्का!"

सू आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना हसण्याची उकळी फुटली. "टेबलावरचा शिक्का घ्या," त्यांनी सूर धरला आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी पुढचं उचललं, "आपला खिशात राहू द्या!" सगळं समाजमंदिर हसलं. मीही हसले. हान-यिन हसली नाही.

"कुणाचा गं तो शिक्का?" सू आजी ओरडल्या. "कोण एवढी येडी? मला मेलीला वाचता येत नाही!"

कुणी सांगेना. पण बाकीच्या सगळ्यांना वाचता येत होतं, आणि लाल अक्षरं चांगली ठसठशीत उठली होती. शिक्का कोरणाऱ्याने कामच तसं केलं होतं. हळूहळू हसू विझलं. एकेक मान हान-यिनकडे वळली, मग मूशेंग भाऊंकडे. कारण शिक्का कुणाचा एवढंच काही दिसत नव्हतं. तो कुणाच्या चौकटीत आहे तेही दिसत होतं. वेन-चीच्या.

मूशेंग भाऊ त्या कागदाकडे बघत होते. ती अक्षरं त्यांनीच हौसेने कोरून आणलेली, पण बघणं तसं कौतुकाचं नव्हतं. आपलंच पोर चोरी करताना दिसावं आणि कुणाला कळू नये म्हणून आपणच दुसरीकडे बघावं, तशी त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. पुकारणाऱ्याने पुढची मतपत्रिका काढली.

थोडक्या मतांनी काका पडले. बाहेर वेन-चीचे फटाके वाजले आणि ती बया आनंदाच्या भरात धावत आली, हान-यिनला तिने मिठी मारली, सगळ्यांदेखत म्हणाली, "बाद झालं तरी पोचलं हं तुझं मत!" वाईट हेतू नव्हता तिचा. पण मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हान-यिनचे हात लाकडासारखे खाली लोंबत होते.

काकांच्या घरी ती गेलीच नाही. माझ्या माळ्यावर येऊन पडली. मी खूप बोलले तिला. "गावाला शिकवत हिंडलीस आणि स्वतःला एवढंही जमलं नाही?" तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. तीन पदांच्या तीन मतपत्रिका होत्या, त्यातल्या दोन तिने बरोबर मारल्या होत्या. तिसरी गावप्रमुखपदाची, तिच्यावर उमेदवारांचे फोटो, त्यात काकांचाही. तो फोटो तिनेच काढला होता, उन्हाळ्यात, अंगणात, "काका, हसा ना" म्हणत.

"मावशी, ते माझ्याकडे बघून हसत होते. मला तिथे बघवेना. माझा शिक्काही मुठीतच होता, मी तोंड फिरवलं आणि हाताला आला तो दाबला."

मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

पडलेल्या उमेदवारानेही दुसऱ्या दिवशी ट्रकवरून दारोदार आभार मानायचे असतात, ही आमची रीत. सकाळी लाउडस्पीकर ऐकू आला तशी हान-यिन मागच्या मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. आदल्या दिवशीची घासलेलीच भांडी. ट्रक माझ्या दारात थांबला. मूशेंग भाऊंचा आवाज बसला होता. माइक धरायला शेजारी कुणी नव्हतं, एका हातात माइक आणि एका हाताने ते ट्रकचा कठडा धरून होते.

"गुई वहिनी, पाठिंब्याबद्दल आभार," असं म्हणून ते कमरेत वाकले.

मी मोरीत गेले आणि पोरीला दंडाला धरून बाहेर ओढली. साबणाचे हात तसेच. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग माइक खाली ठेवला आणि प्रत्येक दारात वाकले होते तितकेच तिच्यासमोरही वाकले.

"मतदानाला आल्याबद्दल आभार."

"काका, नका ना असं करू!" हान-यिन रडायलाच लागली. "मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर खोटं बोलले."

मूशेंग भाऊ सरळ झाले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर पोरीला बरं वाटलं असतं.

"मी विचारलं कुठे होतं गं तुला?" ते म्हणाले. "मी कधीच विचारलं नाही. तूच सांगितलंस."

ट्रकवाल्याने गाडी सुरू केली. हान-यिनने हात फ्रॉकला पुसले, मागून धावत जाऊन कठडा पकडला आणि वर चढली. काकांनी माइक तिच्या हातात दिला. पुढच्या दारापाशी ते वाकले, तीही वाकली. मी कान देऊन उभी होते. दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत लाउडस्पीकरमधून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत राहिलं.