टळलेल्या हल्ल्याचं माप

शाळेच्या मैदानावर लांब उडीची स्पर्धा चालली होती. एका मुलानं अशी झेप घेतली की सगळे टाळ्या वाजवू लागले, आणि त्या टाळ्यांतच पट्टीजवळ उभा असलेला दुसरा मुलगा ओरडला, "बाई, बाद! अंगठा पुढे होता." मी वाकून पाहिलं. होता खरा, नखाएवढा. बाद झालेला मुलगा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मी उडी बाद केली, पण लक्षात राहिला तो थोरल्याचा चेहरा. खरं बोलल्याचं समाधान आणि भाऊ हरल्याचा आनंद त्यावर इतके मिसळून गेले होते की आजही मला ते वेगळे करता येत नाहीत.

पुढे दोघंही रणगाडा दलात गेले. धाकटा भराभर वर चढला. थोरल्याच्या कानाचा पडदा फाटला आणि त्याला रणगाड्यातून उतरवून सरावाच्या लढायांवर पंच नेमलं. तेव्हापासून सगळे त्याला पंच म्हणतात. रागावली की बायकोसुद्धा. धाकट्याचा फोन आला की त्यांची आई शेजारपाजार गोळा करायची. पंचाचा आला की "जेवलास ना?" एवढं विचारून ठेवून द्यायची. तो माझ्याच गल्लीत राहायचा, संध्याकाळी चहाला यायचा आणि हे सगळं हसत हसत सांगायचा. मात्र कपातला चहा तसाच राहायचा.

त्याचं काम मला त्यानंच समजावलं. सरावात तोफेतून गोळा सुटत नाही, प्रकाशाचा किरण सुटतो. ज्याला लागला त्या रणगाड्यावरचा दिवा लुकलुकतो. "दिवे कुणीही मोजेल, बाई," तो म्हणाला. "पण समोरचा निघायच्या आधीच तुम्ही त्याला झोडपलंत, तर फायदा किती झाला हे कसं मोजणार? जो हल्ला झालाच नाही तो मोजायचा. तो खरंच होणार होता का, हे आधी ठरवायचं. नाहीतर झोपलेल्याला मारून शाबासकी घेतल्यासारखं." त्यासाठी त्याची पद्धत होती. लढाई थांबली की तो प्रत्येक रणगाड्याच्या मागे जाऊन इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचा, आणि मग चालकाला विचारायचा, तुला काय हुकूम होता? हात आधी, प्रश्न नंतर.

एका मोठ्या सरावात एका बाजूचा प्रमुख धाकटाच होता. पहाटे त्यानं समोरच्यांना झाडीतून बाहेर पडूच दिलं नाही. झाडीत दिवेच दिवे. वरिष्ठ खूश झाले. रेजिमेंट त्याच्याच हाती येणार असं जो तो बोलू लागला. आईनं तर पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली. पंचानं झाडीत जाऊन एकेका इंजिनावर हात ठेवला. सगळी गार. निकाल दिला, समोरचे निघण्याच्या तयारीत नव्हते. या हल्ल्यानं काहीच टळलं नाही, उलट धाकट्याचीच जागा उघडी पडली. रेजिमेंटचा निर्णय लांबणीवर पडला.

रविवारी धाकटा आईकडे आला. पंच आणि त्याची बायको आधीच तिथे होते, आणि आईला औषध द्यायला गेलेली मीही.

"दादा, हात इंजिनावर ठेवलास की माझ्या गळ्यावर?"

"गार होती. मी काय करू?"

"लहानपणापासून तुझ्या डोळ्यांत खुपतोय तो," आई म्हणाली. "माझ्याच पोटी दोन शत्रू!"

"आई, मी पंच आहे."

"घरात तरी भाऊ हो की!"

धाकटा न जेवता निघून गेला. पंचाची बायको इतका वेळ भांडी पुसत होती. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, एक विचारू? हात गार लागला तेव्हा बरं वाटलं ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी पंच चहाला आला तेव्हा मला म्हणाला, "वाटलं, बाई. इतकं बरं वाटलं की मी चालकांना विचारलंच नाही. पहिल्यांदाच."

मग तो सरावात समोर असलेल्या तुकडीच्या बराकीत गेला. पहिलाच चालक हसला. "साहेब, मुद्दाम बंद ठेवली होती. इंजिन तापलं की त्याची धग समोरच्याच्या दुर्बिणीत दिसते ना! आम्ही आत बसून इशाऱ्याची वाट बघत होतो. इशारा यायच्या आत तुमच्या भावानं उडवलं." बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

परतताना तो पायीच माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. "आता विचारलंच नसतं तरी चाललं असतं की," मी त्याला चाचपलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच वर्गात चुकीचं गणित मांडलंय.

त्यानं वरिष्ठांपुढे उभं राहून स्वतःचा निकाल फिरवला. हल्ला होणार होता आणि तो वेळेत मोडला, असं सांगितलं. फक्त त्यातल्या दोन रणगाड्यांचे चाकांवरचे लोखंडी पट्टे आधीच निखळलेले होते, ते हलूच शकत नव्हते. तेवढे मात्र त्यानं धाकट्याच्या खात्यातून वजा केले. हे मला सांगताना त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा उडीच्या दिवशीचा तोच मिसळलेला भाव होता. "ते दोन खरंच निखळले होते बरं का," त्यानं मला दोनदा बजावलं.

रेजिमेंट धाकट्याला मिळाली. समारंभात पंच पहिल्या रांगेत बसला आणि सगळ्यांत उशिरा टाळ्या वाजवू लागला. परतताना म्हणाला, "बाई, जळफळाट काही गेला नाही हो. वाटलं होतं, खरं सांगितलं की जाईल."

"मग आता काय करणार?"

"त्याच्यापासून लांब उभा राहणार."

त्यानं वरिष्ठांना तसं कळवलंही. तो अजून पंचच आहे. धाकट्याच्या रेजिमेंटचा सराव असला की त्याच्या जागी दुसरा पंच जातो, आणि हा रजा घेऊन घरी गच्चीवरची पाण्याची टाकी घासतो.